मुद्देमाल

तीस मिलीची बाटली, तपकिरी काच,
लेबलावर : विजया, पत्र, तिळाच्या तेलात.
चष्मा कपाळावर सारून मी परत वाचतो
परवाना क्रमांक, बॅच क्रमांक,
वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.
सवय.
बत्तीस वर्षं उत्पादन शुल्कात काढली, ठाण्याच्या कचेरीत.
कागदावरचा आकडा मालाशी जुळेपर्यंत
घास उतरला नाही कधी.

सुलक्षणा म्हणते, अहो, औषध आहे ते, आरोपी नाही.

तिच्या तळपायांत रात्री निखारे पडतात.
केमो संपून दीड वर्ष झालं, गाठ गेली,
आग तेवढी राहिली,
भाडेकरू खोली सोडताना गॅस चालू ठेवून गेला, तशी.
गोळ्या झाल्या. गोळ्यांनी दिवसभर पेंगते
आणि रात्री पाय पलंगाबाहेर काढून
फरशीला टेकवते.

ऐरोलीत, सेक्टर आठला, चपलांच्या दुकानावर
डॉक्टर निकिता ठोसर. माझ्या धाकटीच्या वयाची.
मी आवाज बारीक करून विचारलं,
म्हणजे गांजाच ना हा?
ती हसली नाही.
पॅडवर झाड काढलं, शेंड्याला गोल केला :
हा फुलोरा, हा गांजा, याला बंदी.
खाली एक पान काढलं, सात बोटांचं :
शेंड्यावाचून नुसतं पान त्या व्याख्येत बसत नाही.
पण राज्याचे नियम आहेत, परवाना आहे, माझी चिठ्ठी आहे.
मला शिकवते!
ही व्याख्या मी झोपेत म्हणायचो,
फक्त तेव्हा टेबलाच्या या बाजूला कुणाचे पाय जळतात
हे विचारायचा रकाना नव्हता.

पुढे म्हणाली, जादू समजू नका.
कुणाला गुण येतो, कुणाला नाही, अभ्यास अजून तोकडा आहे.
यानं कॅन्सर बरा होतो म्हणेल त्याच्या दारात उभे राहू नका.
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?
मग आधी खारघरच्या डॉक्टरांना विचारा, लपवून काही नको.
दोन थेंब. आठवडाभर दोनच.

रिक्षात मला दिघ्याचा तो पोरगा आठवला.
अठ्ठ्याण्णव साल, मे महिना,
स्टीलच्या डब्यात ऐंशी ग्रॅम,
हिरवट, चिकट, उग्र वासाचा पदार्थ, शेंडे व फुलांसह.
चोवीस-चोवीसचे दोन नमुने काढले, बत्तीस उरला,
सुतळी, लाख, पितळी शिक्का. बोट भाजलं माझं.
तो एकच सांगत होता,
आईच्या पोटात अन्न ठरत नाही साहेब, कुणीतरी म्हणालं यानं ठरतं.
मी पंचांसमक्ष लिहिलं :
आरोपी समाधानकारक खुलासा करू शकला नाही.
अक्षर चांगलं होतं माझं. साहेब कौतुक करायचे.

कायद्यानं चूक नव्हती. आजही नाही,
डब्यात फुलोराच होता.
आणि खोटंही बोलत असेल पोरगा, बरेच बोलायचे.
त्याचं नाव मात्र आठवत नाही,
वजन आठवतं.

आता रात्री साडेनऊला ड्रॉपर उजेडात धरून मोजतो.
एक. दोन.
जुन्या डायरीत रेघा मारून रकाने पाडलेत :
तारीख, थेंब, दहापैकी दुखणं किती, झोप किती तास.
आठ, दीड तास.
आठ, दोन.
सात, चार.
परत आठ. त्या दिवशी पाहुणे होते.
सहा, सव्वाचार.

बूच लावण्याआधी हुंगून बघतो.
मला वाटलं होतं मुद्देमाल खोलीचा वास येईल,
कुलूप उघडताच घशात बसणारा.
तिळाचा येतो. त्याच्यामागे, बराच आत,
ओल्या पाल्यासारखं काहीतरी.

झालं का हुंगून, सुलक्षणा म्हणते,
मालवा तो दिवा.
तिचे पाय आज पांघरुणात आहेत.
मी मालवतो. मग उठून अंधारातच
चिठ्ठी जागेवर आहे ना, बघून येतो.